तिसऱ्या हाकेला ओ

केशरबाईंच्या घरात चाळण्या तीन होत्या, तरी त्या दुपारी त्या चाळणी मागायला मच्छिंद्रच्या खोलीत गेल्या. मच्छिंद्र एकटा गडी, डब्यावर जेवणारा. त्याच्याकडं कुठली आलीय चाळणी. पण रिकाम्या हातानं आत शिरलं की लोक म्हणतात चौकशीला आली, आणि केशरबाईंना कुणी चौकस म्हटलेलं खपत नसे.

खोली त्यांचीच, घनसावंगीच्या बसस्टँडामागची, रस्त्याकडच्या ओट्याला लागून. दोन हजार सालच्या पाडव्याला एका संस्थेनं ती घेतली आणि आत एक मोठं कॉम्प्युटर मांडलं. मच्छिंद्र त्याला सर्व्हर म्हणायचा. पाच गावांत पाच लहान मशिनी होत्या. त्या रोज टेलिफोनवरून कुईकुई करत या मोठ्याला जोडायच्या आणि लोकांनी लिहिलेलं इकडचं तिकडं न्यायच्या. अक्षरं इंग्रजी, बोली आपली. लिहिण्याचे गट पाडलेले: पाऊस, कापूस, बाजार, नोकरी. ज्याला जे वाचायचं त्यानं त्या गटात शिरावं.

नवा गट उघडणं मच्छिंद्रच्या हातात. मशिनीत गटांची यादी असते. तीत नाव चढवायचं, गट कशासाठी ते एका ओळीत लिहायचं, मग पाची गावांना हुकूम सोडायचा की नवा गट आलाय, आपापल्या यादीत घ्या. चढवणं सोपं, पण गावोगाव गेलेलं नाव पुसून काढणं अवघड. म्हणून एकानं मागितला की लगेच उघडायचा नाही, तीन मागण्या याव्या लागत.

हा नियम केशरबाईंचाच. भूत एकदा हाक मारतं, फार तर दोनदा. तिसऱ्या हाकेला ओ द्यावी, असं त्यांनी एकदा चहा देताना सांगितलं होतं. मच्छिंद्रनं हसत हसत कागदावर 'तीन हाका' लिहून भिंतीला चिकटवलं होतं.

आज मात्र तो हसत नव्हता. संस्थेच्या जालन्यातल्या साहेबांचा निरोप आलता: नुसते भाव बघायला मशिनी कशाला? दिवाळीपर्यंत पाची गावं एकमेकांशी बोलतील असा एक तरी गट दाखवा, नाहीतर खोली रिकामी करा.

केशरबाई चाळणीचं विसरूनच गेल्या. शेजारच्या सोनूबाई चैतात वारल्या, तेव्हापासून ओट्यावर दोन शब्द बोलायला मच्छिंद्रच एक उरला होता. तीस वर्षं दोघी तिथं बसल्या. सोनूबाई मिश्री घासत यायच्या, 'सरक की' म्हणायच्या आणि टेकायच्या. मग रस्त्यानं जाणाऱ्या एकेकाची कुळकथा निघायची. आता मच्छिंद्र गेला तर भिंतीशी बोलायचं.

"वाटूरहून एक मागणी आलीय," मच्छिंद्र म्हणाला. "पण एकच हाय, मावशी."

त्यानं वाचून दाखवली. गटाचं नाव: ओटा. कशासाठी: बसायला. खाली नाव कुणाचंच नव्हतं.

वाटूर म्हणजे सोनूबाईंचं माहेर, असं केशरबाईंच्या मनात येऊन गेलं. त्यांनी ते येऊ दिलं आणि जाऊ दिलं.

"उघड की मंग."

"तीन हाका, मावशी. नियम तुमचा."

"नियम भुतासाठी हाय. मशिनीत कुठलं आलंय भूत?"

मच्छिंद्रनं गट उघडला.

आठ दिवसांत ओटा असा भरला, की पाय ठेवायला जागा नाही. वाटूरहून रोज काहीतरी यायचं आणि गावंच्या गावं खिदळायची. अंतरवालीच्या हसीनाबीची हरवलेली नाकातली फुली ज्वारीच्या कणगीत बघा, म्हणून आलं, आणि ती तिथंच सापडली. कुणाचे अनारसे तुपात का हसले, कुणी शेजारणीचं विरजण आपलं म्हणून मिरवलं, सगळं बराबर. हसीनाबीनं उलट टपाली विचारलं, तुमी कोण वो? त्याला उत्तर आलं नाही. केशरबाई सांगायच्या, मच्छिंद्र बोटं चालवायचा, आणि हसून हसून दोघांच्या डोळ्यांना पाणी यायचं. साहेबांचा फोन आला, शाबास, खोली राहू द्या. केशरबाईंनी गल्लीत पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं वाटूरच्या मशिनीवरचा माणूस आला, कचरू. उतरला तोच कुरकुरत. नवरात्रात रस्ता खणताना टेलिफोनची तार तुटली, वीस दिवस झाले, मशिनीवर गोधडी टाकून बसलोय, तुमी कुणीच कसं विचारलं नाही, असं त्याचं म्हणणं.

मच्छिंद्रची बोटं थांबली.

"मंग वाटूरहून... कोण लिहून राह्यलंय?"

खोलीत भाजलेल्या तंबाखूचा वास होता, ताज्या मिश्रीचा. तिघांतलं कुणीच मिश्री लावत नव्हतं.

मच्छिंद्रनं तिथल्या तिथं यादीतून नाव पुसलं, पाची गावांना पुसायचा हुकूम सोडला. सकाळी मशीन चालू केली तर यादीत सगळ्यात वर ओटा. आत एकच ओळ, वाटूरची.

केशर.

केशरबाईंना आता या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळ्या गल्लीच्या त्या मावशी. त्या उठून घरात गेल्या आणि दिवसभर ओट्यावर फिरकल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. केशर. त्या दिवशी त्यांनी भाजीत मीठ दोनदा घातलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मच्छिंद्रनं खिडकीतून हळूच बोलावलं. या वेळी दोन शब्द होते. केशर गं.

"पुसून टाकतो, मावशी. साहेबांचं बघू काय व्हायचं ते."

केशरबाई पडद्याकडं बघत राहिल्या. गट पुसला तर खोली जाणार, खोली गेली तर मच्छिंद्र जाणार. आणि दुसरंही एक होतं, ते त्यांनी स्वतःलाही धड सांगितलं नाही.

"तिसरी हाय," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या हाकेला ओ द्यावी लागती. लिही... ओ."

मच्छिंद्रनं एक अक्षर उमटवलं आणि सोडून दिलं. केशरबाई बाहेर येऊन ओट्यावर बसल्या, पार मधोमध, जशा चैतापासून बसायच्या. आत मशीन कुईकुई करायला लागली. मग थांबली.

"मावशी..." खिडकीतून आवाज आला, अगदी बारीक. "सरक की... असं आलंय."

केशरबाईंनी खाली बघितलं. त्या आधीच सरकल्या होत्या. कधी, ते त्यांनाच उमगलं नाही. उजवीकडं एका बाईची जागा मोकळी होती.

त्यांनी पदर सावरला, घसा खाकरला. "आत चहा ठेवलाय, गाळून आण," त्या मच्छिंद्रला म्हणाल्या. "तीन कप."

मच्छिंद्रनं आणले. तो आपला कप घेऊन खिडकीशी उभ्यानंच प्याला, ओट्यावर बसला नाही. केशरबाई मात्र रस्त्यानं जाणाऱ्यांकडं बघत हळू आवाजात बोलत होत्या, मध्येच हसत होत्या. गट चालू राहिला, खोलीही राहिली.

संध्याकाळी कप विसळायला त्यानं उचलले. तिन्ही रिकामे होते. एकाच्या कडेला मिश्रीचा काळा डाग होता, आणि तो घासून निघाला नाही.