बाहेरची

बसा रे पायरीवर. जनरेटरवाला जेवायला गेलाय, लाईट यायला वेळ लागेल. मोबाईलचे दिवे बंद करा, डोळ्यांवर येतात. आणि तू, कडेला बसलेला, जरा इकडे सरक. नाही? बरं, बस तिथंच, तुझी मर्जी.

मी या विद्यापीठाच्या ग्रंथालयातला बाइंडर. तुम्ही फाडता ती पुस्तकं मी शिवतो. गोष्ट माझी नाही. या दारावर पूर्वी एक वॉचमन होता, माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा, त्याची आहे.

गेल्या वर्षी परीक्षा संपल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी रात्री पावणेअकराला त्याला ग्रंथपालबाईंचा फोन आला. "वरच्या वाचनकक्षाची खिडकी उघडी राहिलीय वाटतं. वारा सुटलाय. तेवढी लावून या." काम एवढंसं. त्यानं किल्ल्यांचा जुडगा घेतला, बॅटरी घेतली आणि निघाला.

त्याला सगळे कुलूपराव म्हणायचे, आणि उगाच नाही म्हणायचे. दारावरची ती पाटी बघा, 'बाहेरच्यांना प्रवेश नाही'. ती तो रोज सकाळी फडक्यानं पुसायचा. नर्सबाई आल्या, एका आजाराबद्दल वाचायचं होतं. कार्ड? नाही. मग परत. एक लेखक आले, म्हणाले, "अहो, माझं स्वतःचं पुस्तक आहे आत." कुलूपराव म्हणाला, "पुस्तक आत राहील. तुम्ही बाहेर." आम्ही पोट धरून हसलो होतो तेव्हा. इमारत लोकांच्या करातून उभी राहिली, आणि लोक या पायऱ्यांवर. पण नोकरी म्हणजे नोकरी.

मग त्याची स्वतःचीच पोरगी उभी राहिली समोर. नोकरीच्या परीक्षेला बसली होती. घर एका खोलीचं, त्यात टीव्ही, भांडी, धाकटी भावंडं. अभ्यास करणार कुठं? म्हणाली, "बाबा, खिडकीतून रिकाम्या खुर्च्या दिसतात हो. एका कोपऱ्यात बसेन."

त्यानं अर्ज केला. वरून उत्तर आलं, वॉचमन कंत्राटी कंपनीचा आहे, विद्यापीठाचा नाही. म्हणजे मुलगी बाहेरची. त्यानं निमूटपणे ऐकून घेतलं. इतरांची कधी गय केली नव्हती, आता पोरीची कुठल्या तोंडानं करणार?

पोरगी इथं बसायची. याच पायरीवर, कडेला. फरशी गार लागते म्हणून आईनं बापाच्या जुन्या गणवेशाचं एक बसकर शिवून दिलं होतं, निळं. शर्टाच्या खिशाच्या वरचा कंपनीचा बिल्ला उसवला होता, त्याच्या टाक्यांची भोकं तशीच राहिली होती. ती हसून म्हणायची, "बाबांच्या नोकरीवर बसते मी." अंधार पडला की कुलूपराव यायचा. बाहेरच्यांना आवार बंद करायची वेळ. ती पुस्तक मिटायची. "निघते, बाबा." मग मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या अभ्यासिकेत जायची, ती रात्रीच उघडायची.

तिची परीक्षा तोंडावर आली होती. रात्री परत येताना ट्रकनं उडवलं.

शेवटचं नेताना आईनं ते बसकर तिच्या उशाशी ठेवलं. मी होतो तिथं. बसकर तिच्याबरोबर चितेवर गेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लक्षात ठेवा.

आठव्या दिवशी कुलूपराव कामावर हजर. रजा पुरत नाही ना कंत्राटात. त्यानंतर दोन महिन्यांनी तो मंगळवार.

तर, तो जिना चढला. वाचनकक्षाला कुलूप होतं, परीक्षा संपल्या म्हणून संध्याकाळीच त्यानं लावलेलं. उघडलं. आत मिट्ट काळोख. शेवटची खिडकी आपटत होती. ठक्... ठक्...

त्यानं खिडकी लावली. कडी घातली. आवाज थांबला.

आणि एक पान उलटलं.

वाऱ्यानं नाही. वारा बाहेर होता.

बॅटरी फिरवली. कोपऱ्यातलं टेबल. पाठमोरी मुलगी. मान खाली. एक वेणी.

तुमची बोबडी वळली असती. त्याचीही वळायला हवी होती. पण सवय, पोरांनो! इतक्या वर्षांची! भीती पोचायच्या आत तोंड उघडलं.

"कार्ड?"

...

मुलीनं पुस्तक मिटलं. हळूच.

"निघते, बाबा."

राग नाही. रडणं नाही. रोजच्यासारखंच.

त्याला म्हणायचं होतं, बस. एकच शब्द. घशातून फुटेना. खुर्ची सरकली. पावलं... जवळून गेली... दाराकडे...

मग फुटला. "बस! अगं, बस ना गं..."

दारात कोणी नाही. जिन्यात कोणी नाही.

सकाळी सफाईवाल्याला तो वाचनकक्षाच्या उंबऱ्यात बसलेला सापडला. अंगात फणफणून ताप. तीन दिवस अंथरुणावर पडून होता. शेजारीपाजारी जमले, कुजबुजले, "याला बाहेरचं लागलंय." तो ताडकन उठून बसला. काय म्हणाला सांगू? "बाहेरची म्हणायचं नाही तिला. मी म्हटलं तेवढं पुरे."

हे सगळं त्यानं मला नंतर सांगितलं, एकदाच.

बरा झाला आणि रोज रात्री वाचनकक्ष उघडा टाकायला लागला. येईल, बसेल म्हणून. कंपनीनं आठवड्यात काढून टाकला. एकदा आला होता इथं, म्हणाला, फक्त वर जाऊन येतो. नव्या वॉचमननं विचारलं, "कार्ड?" त्या नव्याला काम कोणी शिकवलं होतं? यानंच. मग हा वळला आणि पायऱ्या उतरून गेला. पुन्हा आला नाही.

ती वर पुन्हा दिसली का, म्हणता? नाही. मी स्वतः रोज सकाळी त्या कोपऱ्यात जाऊन बघतो. काही नसतं. खुर्ची रिकामी असते. मला वाटलं, सुटली बिचारी.

आली लाईट. जा आत, तुमच्या गळ्यात कार्डं आहेत, तुम्हाला कोण अडवतंय.

... थांब. तू. कडेचा.

तुझ्याखाली काय आहे?

... तू आणलंस घरून?

... मग? आधीपासून होतं इथं?

उठ. हळूच उठ. दे इकडे.

... निळं आहे.

म्हणजे तेव्हापासून ही... अजून इथंच...

हे बघ. खिशाच्या वर. टाक्यांची भोकं.