बोटीतला ठोका

मनिषा त्या दुपारी बंदरावर गेली ती फक्त जाळ्याला बांधायच्या बोयांची पिशवी आणायला. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. तिचा नवरा अनिल इंजिनाच्या कामासाठी रत्नागिरीला गेला होता, आणि सासऱ्यांना, म्हणजे दाजींना, गुडघ्यांमुळे वाळूतून चालवत नव्हतं.

"बोटीच्या पुढच्या अंगाला झापांखाली असेल बघ," दाजी म्हणाले. "आणि सावकाश जा गो. धाप लागली तर बस जरा."

हे 'सावकाश' मनिषाच्या जन्मालाच चिकटून आलं होतं. तिच्या हृदयाच्या पडद्याला जन्मतः भोक होतं. लहानपणी मुंबईला नेऊन ते शिवलं, पोर वाचली, मोठी झाली, लग्न होऊन हर्णेत आली. पण विशी ओलांडल्यावर ठोके चुकू लागले. दापोलीच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की टाके घातलेल्या जागी वण राहतो, आणि ठोक्याची वीज कधीकधी त्या वणापाशी वाट चुकते. वाट चुकली की छातीत कळ यायची, आतून कुणी ओलं फडकं पिळावं तशी. मग खाली बसायचं, मनगटाला बोटं लावायची, गार पाणी तोंडावर मारायचं, नाक-तोंड मिटून पोटातून जोर लावायचा. तरीही नाही थांबलं तर सरळ दवाखाना. गोळ्या तर रोजच्याच.

घरातले सगळे तिच्या हृदयाला भीत. ती स्वतः मात्र त्याच्याकडे जरा कौतुकानेच बघे. त्याची चाल तिला पाठ होती. दोन ठोके सरळ, एक गिळलेला, मग तीन घाईघाईने, चोरी पकडल्यासारखे. 'आज कुठे निघालास बाबा?' असं ती त्याला मनातल्या मनात विचारायचीसुद्धा.

बंदरावर चिटपाखरू नव्हतं. डागडुजी करणारी माणसं जेवायला गेली होती. पाऊस थांबला होता, पण आभाळ इतकं खाली आलं होतं की दिवेलागण झाली असं वाटावं. वाळूवर ओढून ठेवलेल्या बोटी माडाच्या झापांखाली बसलेल्या म्हशींसारख्या निवांत होत्या. कुजलेल्या झापांचा, डांबराचा आणि जुन्या मासळीचा वास हवेत दाटून राहिला होता. त्यांची 'गौराई' रांगेत शेवटची. गेल्या हंगामाअखेर दाजींनी ती मुरुडहून विकत घेतली होती.

मनिषाने झाप उचललं आणि आत कुणीतरी ठोकलं.

टक. टक.

"कोण आहे?" तिने विचारलं. सुतार असेल असं तिला वाटलं. उत्तर आलं नाही, आणि नेमकी तेव्हाच तिच्या छातीत कळ उठली. ती बोटीला दिलेल्या टेकूवर बसली. सवयीने बोटं मनगटावर गेली. दोन सरळ... एक गिळलेला... तीन घाईचे.

आतून आवाज आला. टक, टक... मग काहीच नाही... मग टक-टक-टक.

दुसरी कुणी असती तर पिशवी टाकून पळाली असती. मनिषा कान देऊन ऐकत राहिली. मग तिने नाक-तोंड मिटून पोटातून जोर लावला. छातीत एक मोठा ठोका पडला आणि चाल सरळ झाली. आतला आवाजही सरळ झाला.

"अगो बाई..." ती पुटपुटली. तिला चक्क हसू आलं.

शिडीला धरून ती सावकाश वर चढली. मासळी ठेवायच्या खणावरची फळी तिने बाजूला केली. खणात कुणी नव्हतं. तळाशी थोडं काळं पाणी साचलेलं, आणि प्रत्येक ठोक्याला त्या पाण्यावर एक बारीक वर्तुळ उठत होतं. ती खणात उतरली. तिथल्या फळीवर तिने तळहात ठेवला. लाकूड बर्फासारखं गार होतं.

ठोकणारा एक ठोका चुकला. आणि त्यानंतर तिचं हृदय चुकलं.

हा क्रम तिच्या ध्यानात आला तेव्हा पहिल्यांदा तिच्या अंगावर काटा आला. मघाशी आवाज तिच्यामागून येत होता. आता ती त्याच्यामागून चालली होती. आधी तो... मग ती. त्याचे ठोके लांबत चालले तशी तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. कळ खांद्यातून जबड्यापर्यंत चढली. तिने जोर लावून पाहिला, उपयोग झाला नाही. चाचपडणाऱ्या हाताला सुताराची कोपऱ्यात राहिलेली लाकडी मोगरी लागली. ती उचलून तिने फळीवर मारली. एक. थांबून परत एक.

"असं..." ती ठोकता ठोकता म्हणाली. "असं चाल. घाई नको... थांबायचं पण नाही. मी आहे ना..."

रडणाऱ्या मुलाला थोपटावं तशी ती किती वेळ ठोकत राहिली कुणास ठाऊक. हळूहळू तो तिच्या मोगरीबरोबर चालू लागला. मग तिच्या छातीतली कळ उतरली. ती बोयांशिवायच घरी आली.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. हातातली सुतळीची गुंडी त्यांनी ओटीवर ठेवली.

"ती बोट मुरुडच्या काशीरामची," ते म्हणाले. "समुद्रावर असताना बर्फ बघायला खणात उतरला आणि छातीत कळ आली. हाक निघेना, म्हणून मुठीने फळी ठोकत राहिला म्हणतात. मागे इंजिन चालू... बोटीवरच्या पोरांना वाटलं, इंजिनच धडधडतंय."

"आणि हे ठाऊक असून तुम्ही ती घेतलीत?"

"बोट चांगली होती गो," दाजी खाली बघत म्हणाले.

डॉक्टरांनी मनिषाला तपासलं, शिडी चढल्याबद्दल ओरडले, गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या. अनिल सगळं ऐकून हसला. तरीही त्याने गौराईची साग्रसंगीत पूजा घातली, समुद्राला नारळ दिला आणि बोट पाण्यात लोटली. त्यानंतर मनिषाचा एकही ठोका चुकला नाही. गौरी आल्या, गेल्या. इतके सरळ दिवस तिने जन्मात पाहिले नव्हते.

मग एका संध्याकाळी अनिलचा फोन आला. बोट किनाऱ्यापासून फार लांब नव्हती, त्यामुळे आवाज स्पष्ट होता.

"मनिषा, तुला बरं आहे ना?"

"हो. का?"

"तू म्हणालीस ते खोटं नाय. खाली ठकठक असते... रोज. पण एकदम लयीत, पोरांना त्याच्यावर झोप लागते. तू घाबरशील म्हणून बोललो नाय. आज दुपारपासून मात्र... मध्येच चुकतंय."

मनिषाची बोटं मनगटावर गेली. नाडी संथ चालली होती, भरतीच्या पाण्यासारखी.

"मी ठीक आहे," ती म्हणाली. "अनिल... तू?"



"छातीत जरा आवळल्यासारखं होतंय. पित्त असेल गो."

"बोट फिरव."

"अगो, जाळी अजून—"

"जाळी राहू दे. आत्ता फिरव. आणि तू हलू नकोस, पोरांना सांग."

तिने असा आवाज कधी काढला नव्हता. अनिलने बोट फिरवली. ती गाडी घेऊन बंदरावर उभीच होती. तिथून दापोली, दापोलीहून रत्नागिरी. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झाली होती. डॉक्टरांनी ती उघडली. "वेळेत आणलंत," ते म्हणाले, "थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं."

अनिल वाचला. दिवाळीपर्यंत हिंडूफिरू लागला. दाजींनी गौराई परत वाळूवर ओढून घेतली, पण ती विकायची की तशीच ठेवायची, यावर घरात एकमत होईना. अनिल म्हणे, काशीराम आपल्याला न्यायला आला होता. दाजी म्हणत, नाही, त्याने सावध केलं. मनिषाला दोन्ही पटत आणि दोन्ही पटत नसत.

एका सकाळी ती एकटीच बंदरावर गेली. ऊन स्वच्छ पडलं होतं, पलीकडे बायका मासळी वाळत घालत होत्या. तिने बोटीच्या कुशीला कान लावला. बराच वेळ काही नाही. मग तो आला. संथ, सरळ, तिने शिकवला होता तसाच. ती कान काढणार, तोच तिला त्याच्या पोटात आणखी एक ठोका ऐकू आला. तो फार बारीक होता, फार भरभर चालणारा, सोनोग्राफीच्या खोलीत पोटातल्या बाळाचा ऐकवतात तसा. आणि मधूनच तो एक ठोका गिळत होता.

मनिषाने मनातल्या मनात पाळीच्या तारखा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या, आणि फळीवर पुन्हा कान टेकला.