किल्लेदाराचं दुर्बिणीचं ऑपरेशन

किल्लेदाराला दवाखान्यात पोचवायचं काम माझ्याकडे आलं, कारण आम्हा दोघांत गाडी माझ्याकडे आणि रिकामा वेळही माझ्याकडेच. तो दिवा राहू द्या रे, लावू नका. किडे येतात. आणि भाचीबाई, तुझं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, तेव्हा तू आत जाऊन झोपलीस तर बरं. नाही जात? बघ हं. उद्या तुझी आई माझी हजेरी घेईल.

तर किल्लेदार. कुठल्या किल्ल्याचा वगैरे नव्हे. चौकाजवळ त्याचं किल्ल्या करून द्यायचं दुकान, म्हणून आम्ही त्याला किल्लेदार म्हणायचो. दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं उभी राहिली तर तिसऱ्याने पोट आत घ्यावं, एवढी जागा. भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या. शाळेपासूनचा माझा दोस्त. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकच लेक, ती लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिचं बाळ अजून अंगावर पिणारं. हा एकटा राहायचा.

बायको गेली तेव्हा हा माणूस रडला नाही. लगेच दुकान उघडून बसला. लोक म्हणाले, काय दगड आहे! मी रोज संध्याकाळी त्याच्या दुकानात टेकायचो, म्हणून मला माहीत. दगड नव्हता तो. दाढ काढताना गाल बधिर करतात ना, तसं झालं होतं त्याचं. फक्त तो बधिरपणा पुढे उतरलाच नाही. हसायचा, बोलायचा, किल्ल्या घासायचा. पण सगळं जरा लांबून.

मग त्याला पोटात कळा यायला लागल्या. कळ उजव्या बरगडीखाली उठायची ती थेट पाठीत जायची. जेवण तेलकट झालं की रात्र गेलीच. सोनोग्राफीत दिसलं की पित्ताशयात खडे आहेत. लेक हट्टाला पेटली, "बाबा, काढून टाका एकदाचं." हा नुसता बघत बसायचा. शेवटी मीच त्याला गाडीत घालून सर्जनबाईंकडे नेलं.

बाई तरुण, पण बोलायला मोकळ्या. कागदावर पोट काढलं, म्हणजे एक भोपळाच काढला, आणि समजावून सांगायला लागल्या. "हे दुर्बिणीचं ऑपरेशन. तुम्हाला पूर्ण झोपवणार. मग पोटात गॅस भरायचा, म्हणजे पोट तंबूसारखं वर उचललं जातं आणि आत काम करायला जागा होते. बेंबीपाशी एक बारीक छेद, त्यातून कॅमेरा आत. वर तीन छोटे छेद, त्यातून हत्यारं. मी समोर पडद्यावर बघत काम करते. पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी क्लिपा लावून बंद करायची, पित्ताशय सोडवायचं, पिशवीत घालायचं आणि बेंबीच्या भोकातून बाहेर. गॅस सोडून द्यायचा. झालं."

"म्हणजे दार न फोडता घरात शिरायचं," किल्लेदार म्हणाला.

"अगदी. तुमचाच धंदा."

बाई हसल्या, मीही हसलो. किल्लेदार हसला नाही. त्याने विचारलं, "आणि नाही जमलं तर?"

"आत नीट दिसलं नाही किंवा रक्त थांबेना, तर मोठा छेद घेऊन उघडावं लागतं. असं क्वचित होतं. पण तुम्हाला माहीत हवं."

"माहीत हवं," तो म्हणाला. आणि बराच वेळ त्या भोपळ्याकडे बघत बसला.

काय गं? तुलाही असंच सांगितलं? चांगलं आहे. सांगायलाच हवं.

नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार होता. सकाळी ऑपरेशन झालं. उघडावं लागलं नाही. दुपारी त्याला खोलीत आणला तेव्हा तोंड कोरडं, डोळे जड, बाकी ठणठणीत. "किती वेळ झोपलो?" म्हणाला. मी सांगितलं. "झोप नाही ही," म्हणाला. "झोपेत वेळ गेल्याचं कळतं. हे नुसतं कापून काढलंय." लेक संध्याकाळपर्यंत थांबली, मग बाळासाठी घरी गेली. रात्री मी राहिलो, खोलीतल्या बाकावर.

सिस्टरने जाताना बजावलं, "आजोबा, खांदा दुखला तर घाबरू नका. आत थोडा गॅस राहतो, त्याने दुखतो. उठून जरा फिरायचं, म्हणजे बरं वाटतं. या काकांना उठवा, एकटे जाऊ नका."

त्याने मला उठवलं नाही. मी घोरत होतो म्हणे. त्यामुळे आता सांगतो ते त्याने मला दुसऱ्या दिवशी घरी जाताना गाडीत सांगितलं. एकदाच. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही, मी विचारलं नाही.

रात्री सव्वादोनला त्याला जाग आली. खांदा ठणकत होता. पोटाला काहीच कळत नव्हतं. औषधांमुळे असेल. बरगड्यांपासून खाली सगळं दुसऱ्या कुणाचं असावं असं वाटत होतं. तो हळूच उठला, दार लोटून बाहेर आला.

तिथल्या व्हरांड्यातले दिवे आपोआप लागायचे. माणूस खाली आला की दिवा लागतो, पुढे गेला की मागचा विझतो. वीज वाचते. हा बाहेर आला, डोक्यावरचा दिवा लागला. बाकी सगळा व्हरांडा काळा. कोपऱ्यावर सिस्टरचं टेबल होतं, पण ती वरच्या मजल्यावर गेलेली.

तो भिंतीला हात लावून चालायला लागला. एक दिवा. पुढचा दिवा.

मग तिकडच्या टोकाला, जिन्यापाशी, एक दिवा लागला.

त्याला वाटलं, सिस्टर आली. तो थांबला. दिव्याखाली कुणी नव्हतं. नुसती फरशी चमकत होती.

तो दिवा विझला. अलीकडचा लागला.

विझला. त्याच्या अलीकडचा लागला.

सावकाश. ज्याला चालायला त्रास होतो, अशा माणसाच्या चालीने.

मी त्याला विचारलं, "तू पळाला का नाहीस?" तो म्हणाला, "पोटाला चार भोकं पडलेला माणूस कुठे पळणार?" मग म्हणाला, "आणि खरं सांगू? मला भीती वाटली नाही. वाटायला हवी होती. ती आलीच नाही."

शेवटचा दिवा त्याच्या शेजारचा होता. तो लागला. आणि त्याच्या उजव्या कोपराखाली कुणीतरी हात घातला. गार नाही, गरम नाही. नुसतं वजन.

"अहो... सावकाश."

दवाखान्यात त्याला सगळे आजोबा म्हणत होते. 'अहो' म्हणणारी एकच होती.

त्याने मान वळवली नाही. दोघं खिडकीच्या टोकाकडे चालायला लागली. त्याने सांगितलं, तिचा पाय पूर्वीसारखाच पडत होता, डावा जरा घासत. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुम्हाला सांगितलं का हो? काय करणार ते?"

"हो. कागदावर काढून सांगितलं."

"मला सांगा ना."

आता तुम्हाला एक सांगायला हवं. तिला पोटाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा ऑपरेशनच्या आदल्या रात्री तिने याला विचारलं होतं, "म्हणजे माझं नेमकं काय करणार आहेत?" आणि हा म्हणाला होता, "डॉक्टरांना माहीत. तू झोप." तेव्हा कोण कुणाला समजावून सांगत होतं? सही घ्यायची आणि आत न्यायचं. तिला सकाळी आत नेली. ती परत आली नाही. तो दवाखानाही आता नाही, पाडला.

तर त्याने तिला सांगितलं. चालता चालता, हळू आवाजात. गॅस भरतात. पोट तंबूसारखं वर येतं. बेंबीतून कॅमेरा. बाई पडद्यावर बघतात. नळीला क्लिप लावतात. पिशवीत घालून बाहेर काढतात. ती मधे मधे "हं" म्हणायची. घरी स्वयंपाक करताना म्हणायची तसं.

"आणि आपल्याला कळत नाही?"

"नाही. झोपवतात ना."

"झोपवतात..." ती म्हणाली.

दिवा विझला. पुढचा लागला.

"मला झोपवलं होतं का हो?"

 त्याला माहीतच नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं.

व्हरांडा संपला. समोर खिडकी. काचेत तो एकटाच दिसत होता, उजवं कोपर अंगापासून जरा लांब धरलेलं... जसं कुणी त्याखाली हात घालून उभं आहे.

"बघू," ती म्हणाली.

त्याने गाऊन वर केला. स्वतःच्या हाताने. चार छोट्या पट्ट्या. बोटाच्या पेराएवढ्या.



मग...

"एवढंच?"

रागाने नाही रे. तो म्हणाला, राग असता तर बरं झालं असतं. बाजारातून आणलेली वस्तू आपण पिशवीतून काढून दाखवावी आणि बायकोने म्हणावं, तसं म्हणाली. एवढंच.

"मला इथून..." ती म्हणाली, आणि त्याच्या छातीच्या हाडाखाली बोट टेकलं. "इथून..."

बोट खाली यायला लागलं.

सावकाश.

बेंबीच्या बाजूने.

खाली.

"...इथपर्यंत."

"दुखलं?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांनी.



"आता नाही," म्हणाली. "तुम्हाला?"

"नाही."

"हं."

तेवढ्यात मला जाग आली. बाकावर पाठ अवघडली होती म्हणून. पलंग रिकामा, दार उघडं. मी धडपडत बाहेर आलो. व्हरांड्याच्या टोकाला, खिडकीपाशी, किल्लेदार उभा. गाऊन छातीपर्यंत वर धरलेला. मी हाक मारणार, इतक्यात त्याच्या डोक्यावरचा दिवा विझला. तो हललाच नव्हता ना, म्हणून. आणि त्याच्या अलीकडचा लागला. मग त्याच्या अलीकडचा. माझ्याकडे येत.

मी दाराच्या चौकटीला चिकटून उभा राहिलो. माझ्या समोरचा दिवा लागला... थांबला... विझला. पुढे जिन्यापर्यंत एकेक करत लागत गेले. मग अंधार.

मी जाऊन त्याला धरलं. अंग ताठ. डोळे कोरडे. "चल," म्हटलं. आला. पलंगावर आडवा झाला आणि छताकडे बघत राहिला. मी उजाडेपर्यंत बसून होतो.

सकाळी लेक आली, हातात त्याचे धुतलेले कपडे. मागोमाग सर्जनबाई राऊंडला आल्या. "काय आजोबा, खांदा काय म्हणतोय? आज घरी जायचं." पट्ट्या बघायला त्यांनी गाऊन वर केला. एक पट्टी बघितली, दुसरी बघितली. "छान, कोरड्या आहेत." मग त्यांचा हात थांबला. त्यांनी गाऊन अजून वर सरकवला.

छातीच्या हाडाखालून बेंबीच्या बाजूने खालपर्यंत एक लांब व्रण. पांढरा पडलेला. दोन्ही बाजूंना मोठ्या टाक्यांच्या खुणा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. जुना होता. वर्षानुवर्षांपूर्वी भरून आलेला.

बाईंनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरने बाईंकडे. काल याच पोटावर या दोघींनीच औषध फासून ते स्वच्छ केलं होतं.

"हे..." बाई म्हणाल्या. कपडे लेकीच्या हातात तसेच राहिले.

बाईंनी बोटाने तो व्रण दाबून बघितला. वरून खाली, हळूहळू.

"दुखतंय?"

"नाही."

"मी बोट लावलंय ते तरी कळतंय का?"

किल्लेदाराने डोळे मिटले. दोन्ही डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे वाहायला लागलं. त्याचा त्यालाही पत्ता नव्हता.

"नाही," तो म्हणाला.

व्रण अजून आहे त्याच्या पोटावर. मी स्वतः पाहिलाय.