राहीला मारलेली हाक

दर भोगीला तुमचं हेच. "आजोबा बोर खा, आजोबा तुमी बोर का खात न्हाई?" लाईट गेली की मोबाईल ठेवता आन् माझं डोकं खायला येऊन बसता. ती पिशवी आधी तिकडं सरका. सफरचंदाएवढाली बोरं, चवीला पाणी. आमची बोरं नखाएवढी हुती, पन एक फोडलं तर घरभर वास. सांगतो. एकदाच. मधी कुनी हसलं तर काठी घालीन.

ही माझ्या आईच्या बाबतीत घडलेली गोष्ट. मी नुसता कंदील धरायला हुतो.

दुष्काळाचं साल. त्र्याहत्तरची भोगी, तेरा जानेवारी, शनिवार. बाप ऊसतोडीला गेल्ता. रानात दाना न्हवता, पन बोरीच्या झाडाला दुष्काळ कळत न्हाई. मिरजगावच्या रस्त्याला माळावर एक बोर हुती, नुसती लगडलेली. दुसऱ्या दिवशी संक्रांत. सुगडात घालायला बोरं पायजेत, आन् उरलेली वाळवून, कुटून, त्या बोरकुटावर महिना काढायचा. आई निघाली, मुक्ताबाई. संगं मी, धा वर्षांचा. माझी बहीन राही, सहाची. आन् गाडी हाकायला चुलतभाऊ आसाराम, सोळाचा घोडा.

लई मजेत गेला तो दिवस. आसाराम आकडीनं फांद्या हलवायचा, खाली आमी आईचं जुनं लुगडं ताणून उभं. बोरं पाठीवर पडली की राही खिदळायची.

"आये, ह्यो बन्स्या येचतोय कमी, खातोयच जास्त!"

"आन् तुझं गाल का फुगल्यात गं भवाने?"

काटा रुतला तर रडायची न्हाई पोर. बोट तोंडात घालायची, चोखायची, की लागली परत येचायला. झग्याचा घोळ धरून ओटी केलेली, त्यात निवडक बोरं. "ही माझ्या सुगडातली. कुनी हात लावायचा न्हाई." आई हसली. तिला हसताना मी शेवटची तिथंच बघितली.

दिवस बुडाला. आता आमच्याकडं एक रीत हुती. तिन्हीसांजेनंतर बोरीखाली कुनाला नावानं हाक मारायची न्हाई. झाडावर जे काय असतं ते नाव ऐकतं, आन् रात्री त्याच नावानं दारात येऊन हाका मारतं. लहानथोर सगळे पाळायचे. कुनाला साप आडवा गेला तरी नुसतं "ए" म्हनायचं.

बोरांचं पोतं गाडीत आडवं टाकलं. थंडी पडलेली, म्हनून आईनं राहीसाठी घोंगडी गाडीत ठिवली हुती. राही दिसंना. मी तोंड उघडलं, "ए राहे..." तर आसारामनं फाडकन थोबाडीत दिली.

"नाव घेतो व्हय रं मुडद्या! गाडीत झोपलीय ती. घोंगडीखाली. मी बघितलंय."

आईनं घोंगडीचा उंचवटा बघितला. गाडी निघाली.

घरी आल्यावर पोरीला उचलायला तिनं घोंगडी बाजूला केली.

बोरांचं पोतं हुतं.

...

राही सकाळी सापडली. बोरीपाशी न्हाई. निम्म्या वाटेवर, दुष्काळी कामातली नवी विहीर, कठडा न बांधलेली, तिच्यात. गाडीच्या मागं मागं अंधारात चालत आल्ती पोर. झग्याची ओटी मुठीत तशीच. बोरंबी तशीच.

काय म्हनलीस? तिनं का न्हाई हाक मारली?

तिलाबी तीच रीत शिकवली हुती आमी.

...चावडीत आसाराम उभा राहिला आन् म्हनला, "बन्स्यानंच मला सांगितलं, राही गाडीत झोपलीय म्हनून." सोळाच्या पोराचं ऐकतात, धाच्याचं कोन ऐकतंय? आई वर्षभर माझ्याशी बोलली न्हाई. ताट वाढायची, पुढं सरकवायची. शब्द न्हाई. गावानं ती बोर तोडली, सरपन केलं, बुडखा पेटवून दिला.

पुढची भोगी. चौऱ्याहत्तर, तेरा जानेवारी, रविवार. रात्रीचे साडेआठ. चांद उगवला न्हवता. आई दारात उभी राहिली.

"बन्सी, कंदील घे."

वर्षातला पहिला शब्द. घेतला.

माळावर नुसता बुडखा. काळा. आईनं पदर खोचला आन् रीत मोडली.

"राहे!"

काय न्हाई.

"ए राहे!"

टिटवी वरडत हुती. गप झाली. वाराबी पडला.

तिसऱ्यांदा आईचा आवाज फाटला...

मग मागनं. रस्त्याकडनं. लांबनं.

"ओ..."

मी वळनार, तर आईनं मानगूट धरलं. "बघू नको. घरी चल म्हन तिला."

"चल..." मी म्हनलो. "घरी चल."

निघालो. कंदील पुढं. मागं पावलं. बारकी. अनवानी. आमी थांबलो की थांबायची. चाललो की चालायची.

मग माझ्या डाव्या हातात...

हात.

गार. बोटं चिकट. बोराचा गर लागल्यावर हुतात, तशी.

धरला मी. घट्ट धरला. विहिरीपाशी आलो. आता कठडा बांधलेला.

तिथं सुटला. मी न्हाई सोडला. तिनं सोडला.

...

आई कठड्याला टेकली. म्हनली, "तू हाक मारत हुतास, बन्सी. मी ऐकली हुती. आन् मी आई असून रीत पाळली. आसारामचं खोटं कळूनबी चावडीत तुझ्या बाजूनं उभी न्हाई राहिले." माझ्या पाया पडायला वाकली रं ती. लेकराच्या पाया...

पानी दे जरा.

सकाळी संक्रांत. देवापुढं पाच सुगडं हुती, गाजर आन् उसाच्या कांड्या घातलेली, वर फडकं झाकलेलं. बोरं त्या वर्षी आईनं घरात येऊच दिली न्हवती. फडकं काढलं. चार सुगडं तशीच. पाचव्यात वर बोरं. मूठभर, तीबी बारक्या मुठीची. नखाएवढी, आमच्या बोरीचीच. दव पडलेलं. झाडाची तर राख होऊन वर्ष झाल्तं.

आई गेली, बाप गेला. जिनं मागायची न्हवती तिनं माफी मागून घेतली. ज्यानं मागायची तो सुप्याला पोराच्या बंगल्यापुढं खुर्ची टाकून बसतोय. परवा लग्नात भेटला, जेवलास का म्हनून त्यानं मला विचारलं. मी भोगीचं नाव काढलं, तर म्हनतो, कानानं कमी येतंय.

आसाराम.