उजवीकडची सावली

मॉनिटर बिघडला म्हणून बोलावणारी माणसं हाल्गेइरच्या मते दोनच प्रकारची: केबल न खोचणारी आणि केबल अर्धवट खोचणारी. डिसेंबरातली दुपार होती, म्हणजे त्या उत्तरेकडच्या फ्योर्डात, डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाडीत, मिट्ट काळोख. फेरीबोटीच्या धक्क्यावरच्या केबिनमध्ये तो शिरला आणि तिथल्या ओदलॉगबाईंना त्यानं बघताक्षणीच दुसऱ्या प्रकारात टाकलं. केबिनमध्ये डिझेलचा आणि ओल्या लोकरीचा वास कोंदला होता.

“बोटीत चढायच्या रॅम्पवर कुणीतरी उभं दिसतं रे,” बाई हळूच म्हणाल्या. “खिडकीतून तिथलं दिसत नाही, सगळी भिस्त कॅमेऱ्याच्या या पडद्यावर. माणूस असताना रॅम्प उचलला तर तो थेट पाण्यात. म्हणून थांबते, मग बोट उशिरा सुटते. आता एकदा जरी उशीर झाला, तरी मला काढणार आहेत.”

पडद्यावर खांब, कठडा, दिवा, प्रत्येकाशेजारी त्याचीच पुसट सावली होती.

“आमच्या धंद्यात याला भूतच म्हणतात, बाई,” हाल्गेइर तुच्छतेनं हसला. “केबल खराब झाली की चित्र दोनदा उमटतं. डावीकडचं खरं, उजवीकडचं भूत. शेंबडं पोरही सांगेल.”

“पण त्याच्या डावीकडे कुणीच नसतं...”

“चष्म्याचा नंबर तपासून घ्या.”

त्यानं केबल उपसली. दोन पिना वाकलेल्या. “कुणी खोचली ही, बैलानं?” नवी केबल लावून त्यानं स्क्रू आवळले. सावल्या गेल्या. रॅम्प रिकामा दिसू लागला.

बाईंचा हात बटणावर जाईना. “तो गेला... की नुसता दिसेनासा झाला?”

हाल्गेइरचं डोकं फिरलं. असल्या बावळटांपायी आयुष्य चाललंय! “मीच उभा राहतो तिथं. मग तरी पटेल?” फोन कानाला लावून तो तरातरा निघाला.

बुटांखाली लोखंड वाजत होतं. खाली पाणी चुबुकचुबुक करत होतं. आसपास चिटपाखरू नव्हतं. त्यानं हात हलवला.

“दिसतोय?”

“दिसतोय. अगदी स्वच्छ.”

“एकटाच ना?”

फोनवर बाईंची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“दोघं आहात... पण हात एकच जण हलवतोय.”

“अहो, मग हलवतोय तोच मी! एवढंही कळत नाही?”

“कळतंय रे...” बाई कुजबुजल्या. “पण तू उजवीकडे आहेस.”