सहाशे किलोमीटरची मागणी

विमानतळावरच्या कॉफीच्या रांगेत पुढचा माणूस तिकिटाकडे बघून पुटपुटत होता, "सहाशे किलोमीटर... विमान ताशी आठशेनं जातं. मग एक तास दहा मिनिटं कशाला?"

चिऊला राहवलं नाही. "धावपट्टीपर्यंत रांगत जायचं, वर चढायचं, मग हळूहळू उतरायचं. आठशेचा वेग मधेच जेमतेम मिळतो."

तो वळला. जाड भिंगांआड डोळे हसत होते. "तुम्हाला बरंच ठाऊक आहे."

"वैमानिक आहे. म्हणजे... होतेय. शेवटच्या परीक्षेत एकदा नापास झालेय."

हे तिनं मैत्रिणींनाही सांगितलं नव्हतं. अनोळखी माणसाला कसं सांगून बसले, तिचं तिलाच कळेना.

"मी चष्मेवाला," तो म्हणाला. "माझ्याकडे लोक नापास व्हायलाच येतात. शेवटची ओळ वाचता आली, तर माझा धंदा बसेल."

ती खुदकन हसली. तिथंच सगळं बिनसलं... किंवा जुळलं म्हणा.

त्याचं दुकान सहाशे किलोमीटरवरच्या त्या शहरात. भिंगं घ्यायला तो महिन्यातून एकदा चिऊच्या शहरात यायचा, तो आता चारदा येऊ लागला.

"एवढी खपतात भिंगं?" तिनं एकदा विचारलं.

"कुठली खपायला? कपाट भरलंय," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

त्याच्या आईच्या मनाला मात्र हे पटेना. आज इथं, उद्या तिथं, असली मुलगी संसार कधी करणार? त्यानं ते आडपडदा न ठेवता चिऊला सांगितलं.

चिऊ म्हणाली, "तू मागणी घालू नकोस. आधी मला पास होऊ दे. मग मीच येईन."

पहिल्या खेपेला तिला आडव्या वाऱ्यानं दगा दिला होता. तीन महिने तिनं त्याच वाऱ्याशी झुंज घेतली, आणि पास झाली. प्रवासी घेऊन पहिलं उड्डाण मिळालं ते नेमकं त्याच्या शहराचं. उतरताना वारा आडवा आलाच. शेजारच्या कप्तानांनी हात मांडीवर ठेवले. "तूच उतरव," एवढंच म्हणाले. तिनं विमानाचं नाक वाऱ्याकडे धरलं, अगदी शेवटी सरळ केलं... आणि चाकं अलगद टेकली.

गणवेशातच ती बाहेर आली. तो उभा होता, शेजारी हातात पिशवी घेतलेल्या बाई.

"ही आई," तो म्हणाला. "मावशीकडून आली. तुझ्याच विमानानं."

आईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"यानं मी विमानात बसल्यावर फोन करून सांगितलं, की विमान तू चालवतेयस, लबाडानं. उतरायची सोय नाही," त्या म्हणाल्या. "वारा केवढा होता. शेजारची बाई माझा हात सोडेना. शेवटी मीच धीर दिला. म्हटलं, घाबरू नका, आमची होणारी सून चालवतेय."

चिऊचे डोळे भरून आले. ती त्याच्याकडे वळली.

"माझ्याशी लग्न करशील?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"अरे, हो म्हण की," आई म्हणाल्या, "पोरगी केवढ्या लांबून आलीय."