ते चित्र कोणाचंच नव्हतं

तुम्ही विश्वास ठेवावा असा माझा हट्ट नाही. मी एक्क्याऐंशी वर्षांची आहे. खोटं बोलून मला आता मिळायचं तरी काय? पण हे घडलं. माझ्या डोळ्यांदेखत घडलं, आणि त्याहून वाईट म्हणजे माझ्याच हातून घडलं.

अशा गोष्टी मध्यरात्री घडतात म्हणे. ही दुपारी घडली. गुरुवार होता आणि घड्याळात पावणेचार वाजले होते. ठिकाण म्हणजे आमच्या शाळेची तळमजल्यावरची, मागच्या अंगाची लांबट खोली.

मी त्या शाळेत ग्रंथालयाची बाई होते. ग्रंथालय म्हणायचं एवढंच. काचेच्या दारांची तीन कपाटं होती, तिन्हींना कुलूप, आणि किल्ली माझ्या कमरेला. पुस्तकं काचेआडून बाहेर बघायची आणि मुलं बाहेरून आत. दोघांची भेट काही होत नसे.

मग नव्या मुख्याध्यापिका आल्या. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो. त्या पहिल्याच आठवड्यात मला म्हणाल्या, "कुलपं काढा. मागची खोली मोकळी करून देते. मुलांना बोलवावं लागू नये, ती आपणहून आली पाहिजेत अशी जागा करून दाखवा."

मला आकाश ठेंगणं झालं.

त्या खोलीत तोवर मोडके बाक भरलेले होते. ते हलवले, भिंती रंगवल्या. आणि मग मी एक युक्ती काढली. शाळेतल्या प्रत्येक मुलाला एक कागद दिला आणि सांगितलं, "कुठे बसून वाचायला आवडेल, त्या जागेचं चित्र काढा. नाव लिहू नका, म्हणजे लाजायला नको. कोणाचंही चित्र वाया जाणार नाही, हा माझा शब्द."

तो शब्द मी पाळला. तिथेच चुकलं.

खिडकीतली बैठक पुष्कळांनी काढली होती, ती केली. पायऱ्यांवर बसायचं होतं, त्या केल्या. माझी स्वतःची मुलगी तिसरीत होती. एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. तिने झाडाला उलटी लटकलेली मुलगी काढली होती.

"अगं, पुस्तक कुठाय?" मी विचारलं.

"पडलं खाली," ती म्हणाली. "उलटं लटकल्यावर पडणारच ना!"

नाव नसलं तरी हे चित्र कोणाचं ते आंधळ्यालाही कळलं असतं. तिच्यासाठी मी एक आडवी दांडी लावून घेतली आणि खाली गादी टाकली.

आणि एक चित्र होतं...

त्यात भिंतीच्या तळाशी, जमिनीलगत एक गोल तोंड होतं. आतला अंधार पेन्सिलीने इतका गिरवलेला की कागद फाटला होता. आत कोणीतरी पालथं पडून वाचत होतं. बाकी सगळ्या चित्रांत हसरे चेहरे होते.

ह्यात फक्त दोन तळवे दिसत होते.

सुतारकाकांनी कागद आडवा धरला, उभा धरला. मोठे गमत्ये होते ते. म्हणाले, "बाई, जन्मभर कपाटं केली, पण पोरं ठेवायचं कपाट पहिल्यांदाच." मग बोटांनी माप घेतलं आणि जरा गंभीर झाले. "ह्यात पोर शिरेल, पण आत वळायला जागा नाही. जसं गेलं तसंच मागे सरकत यावं लागेल. वीतभर रुंद करू?"

"नको," मी म्हटलं. "चित्रात आहे तसंच करा. शब्द दिलाय."

त्यांनी तसंच केलं. पुस्तकांच्या खालच्या फळीच्या मागे, भिंतीतल्या जुन्या कोनाड्यात. आत पातळ गादी घातली. मुलांनी त्याला बीळ असं नाव ठेवलं.

उद्घाटनाच्या दिवशी सगळी चित्रं भिंतीवर टांगली होती. मोठ्या बाईंची ताकीद होती, त्यामुळे एकही मूल गैरहजर नव्हतं. मी म्हटलं, "आता आपापल्या चित्राखाली उभे राहा बघू."

धावाधाव झाली, ढकलाढकली झाली. मग सगळी उभी राहिली.

एका चित्राखाली कोणीच नव्हतं...

"हे कोणाचं?" मी विचारलं. कोणी हात वर केला नाही. मोठ्या बाई हसून म्हणाल्या, "लाजलं असेल एखादं." पण लाजून जाणार कुठे? प्रत्येक मूल दुसऱ्या कुठल्या तरी चित्राखाली उभं होतंच की.

मी ते मनावर घेतलं नाही. मला त्या दिवशी आनंदाशिवाय काही दिसतच नव्हतं.

मुलं खरंच आपणहून यायला लागली. मधल्या सुटीत डबा अर्धा टाकून यायची. खिडकीत जागा नसली तर एकमेकांच्या मांडीवर बसायची. पण बिळात कोणी जात नव्हतं. त्याच्या समोर बसणारी मुलं पाय पोटाशी ओढून बसायची. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी चौथीतल्या एका मुलीला विचारलं, "तिथे का नाही जात गं कोणी?"

ती सहज म्हणाली, "तिथे वाचतंय ना कोणीतरी."

मी विजेरी घेऊन वाकून बघितलं. आत कोणी नव्हतं.

हात लावला...

गादी कोमट होती.

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर पुस्तकं लावताना मला पान उलटल्याचा आवाज येई. एक पान. मग बराच वेळ शांतता. मग पुढचं पान. वाऱ्याने होत असेल, मी म्हणे. खिडक्या बंद असत, तरी म्हणे.

आता भिंगरीबद्दल सांगते.

ग्रंथालयाच्या बाईंची मुलगी, आणि पुस्तकाला हात लावत नाही! शिक्षकखोलीत मला टोमणे ऐकावे लागत. "दिव्याखाली अंधार हो," असं तोंडावर म्हणत. घरी सासूबाई वेगळं काय बोलणार? "दुसऱ्यांची पोरं शहाणी करून ये, आपली उनाडच राहू दे." ते सगळं वाचनालय मी जगासाठी केलं असं दाखवत होते, पण मनातून ते तिच्या एकटीसाठी होतं. तिने एक दिवस तरी पुस्तक घेऊन बसावं, एवढंच मागणं होतं माझं.

त्या गुरुवारी मला नव्या पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवायच्या होत्या. शाळा सुटली होती. भिंगरी दांडीला लोंबकळत होती, टाचा भिंतीवर आपटत होती. धप, धप, धप. माझं डोकं उठलं.

"जा, त्या बिळात जाऊन बस. दहा मिनिटं तरी वाच काहीतरी."

"आई, तिथे जागा नाहीये."

"रिकामं आहे ते. नखरे करू नकोस."

ती तोंड वेडंवाकडं करत गेली. गुडघ्यांवर बसली, मग वळून माझ्याकडे बघितलं. "दहा मिनिटं झाली की हाक मार हं. लगेच मार."

"मारते गं बाई."

तिचे तळवे आत गेले. पावणेचार वाजले होते.

मी चिठ्ठ्या चिकटवत राहिले. एक गठ्ठा, मग दुसरा. मान वर केली तेव्हा साडेचार झाले होते.

खोली शांत होती. भिंगरी असलेली खोली कधी शांत नसते...

"भिंगरी, झाली दहा मिनिटं. ये."

मी गठ्ठा बाजूला सारला.

"ये ना गं."

एक पान उलटलं.

मी जाऊन वाकले. दोन तळवे दिसत होते. स्थिर. मग ते हळूहळू मागे सरकायला लागले. ती बाहेर आली. हातात पुस्तक होतं, मध्ये बोट घातलेलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, आणखी थोडं वाचू?"

मी तिला छातीशी धरलं. आनंदाने रडले मी त्या दिवशी! अजून ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

घरी सगळे खूश. ती जेवताना वाचायची, झोपताना वाचायची. धावणं बंद, लोंबकळणं बंद. शिक्षकखोलीत टोमणे मारणाऱ्यांची तोंडं बंद. सासूबाई शेजारणींना सांगत सुटल्या, "पोरगी सुधारली हो! आईच्या कष्टांना फळ आलं."

आठ दिवसांनी त्याच सासूबाई स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात कंगवा होता.

"सूनबाई," त्या हळूच म्हणाल्या, "हिचे केस ओढले तरी ही ओरडत नाही."

"मोठी झाली आता."

"आठ दिवसांत?" त्या म्हणाल्या. "आपली भिंगरी वेणी घालताना घर डोक्यावर घ्यायची. मी मुद्दाम ओढून बघितले. ही नुसती आरशातून माझ्याकडे बघते."

त्यांनी पुन्हा तिची वेणी घातली नाही.

आणि मग तो दिवस आला.

शाळा सुटली होती. मुलगी माझ्यासमोर खिडकीत बसून वाचत होती. मी फळ्या पुसत होते.

धप... धप... धप...

लाकडावर टाचा आपटल्याचा आवाज. बिळातून.

हातातलं फडकं गळून पडलं.

"आई," आतून आवाज आला. कंटाळलेला, लाडिक. माझ्या भिंगरीचा. "झाली का गं दहा मिनिटं?"

मी खिडकीकडे बघितलं. मुलगी वाचत होती. तिने मान वर केली नाही.

मी जमिनीवर पालथी पडले आणि बिळात खांद्यापर्यंत हात घातला. कोमट गादी. बाकी काही नाही. "झाली गं, झाली! ये बाहेर, माझ्या सोन्या!" मी ओरडत होते.

कोणी आलं नाही.

त्यानंतर रोज तेच. शाळा सुटली की मी बिळापाशी जाऊन बसायची. ती विचारायची, "झाली का?" मी म्हणायची, "झाली." तिला माझं ऐकू जात नसावं. कधी ती गुणगुणायची, कधी नुसतं हसायची, पण आवाज रोज थोडा लांबून यायचा. यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुला कामाचा ताण झालाय." मुलगी समोर धडधाकट बसलेली असताना मी सांगणार तरी काय? शहाणी झाली म्हणून तक्रार करू?

तीन आठवड्यांनी सुटी लागली. मी सुतारकाकांना बोलावलं. मुलगी घरी सासूबाईंपाशी होती. ते बीळ फोडलं की माझी भिंगरी बाहेर येईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"चांगलं काम आहे, का तोडता?" ते म्हणाले.

"तोडा."

त्यांनी पटाशी लावली. पहिली फळी निघताना आतून आवाज आला. "आई?"

काकांना ऐकू आलं नाही. मी हात वर केला, थांबा म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांचा हातोडा खाली आला होता.

सगळं मोकळं झालं. फळ्या, गादी, धूळ. रिकामा कोनाडा. काका वाकून आतली मागची फळी बघत होते. तिच्यावर तळाशी काळपट घासल्याच्या खुणा होत्या. लहान टाचांच्या.

"हे असं कसं?" ते पुटपुटले. "टाचा त्या टोकाला म्हणजे तोंड बाहेरच्या बाजूला. पण आत वळायला जागाच नव्हती..."

त्यांनी अवजारं गोळा केली. मजुरी घ्यायलाही आले नाहीत पुन्हा.

त्यानंतर आवाज आला नाही. निवृत्त होईपर्यंत तेवीस वर्षं मी रोज शाळा सुटल्यावर त्या बुजवून सपाट केलेल्या भिंतीपाशी बसले. कान लावून बसले. लांबलांबच्या शाळांतून लोक ते वाचनालय बघायला यायचे, मुलांना इतकं कसं आवडतं म्हणून विचारायचे. मी त्यांना सगळं दाखवायची. ती भिंत सोडून.

जिथे तिचा आवाज येत होता ती एकुलती एक जागा मी माणूस लावून फोडली. ह्याला काय म्हणाल तुम्ही?

आता यजमान नाहीत, सासूबाई केव्हाच गेल्या. मुलगी त्रेपन्न वर्षांची आहे. लग्न केलं नाही तिने. माझं सगळं करते, वेळेवर औषध देते, कधी आवाज चढवत नाही. लोक म्हणतात, नशीब काढलंत. मला डोळ्यांनी फारसं दिसत नाही, म्हणून रोज दुपारी ती मला वाचून दाखवते.

बीळ तोडल्याचं मी तिला कधी सांगितलं नाही. सुटीनंतर तिने विचारलंही नाही. ह्या सेहेचाळीस वर्षांत त्या खोलीचा विषय आमच्यात निघाला नव्हता.

गेल्या महिन्यात वाचता वाचता ती मध्येच थांबली.

"आई, तू ते तोडून टाकलंस ते बरं केलंस."

"का गं?"

"तिचं सारखं विचारणं मलाही ऐकू यायचं," ती शांतपणे म्हणाली. "घरी असले तरी. वाचू द्यायची नाही."

आणि जिथे थांबली होती तिथून तिने पुढे वाचायला सुरुवात केली.

मी ऐकत राहिले. घरात आम्ही दोघीच आहोत.